थोरलीची हाक, धाकटीचा ओ

बाभूळवाडीच्या यात्रा कमिटीचा कॉम्प्युटर पाडव्याच्या तीन दिवस आधी, सकाळी साडेनऊच्या सुमारास कोरा झाला. तो कुणी कोरा केला हे अख्ख्या गावात एकाच माणसाला माहीत होतं, आणि तो माणूस त्या वेळी त्याच कॉम्प्युटरसमोर बसला होता. माणसाचं नाव गहिनीनाथ. हायस्कुलात एकतीस वर्षं क्लार्की करून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले, कमिटीचे सेक्रेटरी, गावात लहानथोर सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणतात.

तुम्ही म्हणाल, कॉम्प्युटर कोरा झाला तर झाला, त्यात एवढं घाबरण्यासारखं काय? म्हणजे तुम्ही आमच्या यात्रेला कधी आलेला नाहीत. या एकदा. लांब उभे राहा फक्त.

आमच्या भैरवनाथाच्या यात्रेत पहिली काठी शिखराला भेटते, मग बाकीचं सगळं. आता ही पहिली काठी म्हणजे काय लाकूड आहे होय? तीस फुटी कळकाचा बांबू, त्याला नवं फडकं, वर मोरपिसं, आणि ती ज्या घरातून निघते त्या घराची मान वर्षभर खाली येत नाही. मान एकाच घराण्याचा, पण घराण्याच्या पाती दोन. थोरल्या पातीचे भिमाजी अण्णा, धाकट्या पातीचा अंगद. एक वर्ष यांचं, एक वर्ष त्यांचं. सोपं वाटतं ना? मग ऐका. ज्याच्या घरात सुतक त्याची पाळी पुढच्या वर्षावर जाते, पण त्यानं दुसऱ्याची पाळी बुडता कामा नये. दुष्काळात दोनदा यात्राच भरली नाही, ती वर्षं धरायची की सोडायची? एका साथीच्या वर्षी पाच माणसांनी गुपचूप काठी भेटवली, ती पाळी झाली की नाही? अशा सगळ्या भानगडींचा निवाडा एका वहीत लिहिलेला असे, आणि एका वर्षी त्या वहीचं नेमकं हवं ते पान कुणीतरी फाडलं. त्या यात्रेत एकोणीस माणसं दवाखान्यात गेली. पुढची दोन वर्षं यात्रा बंद.

तेव्हा भर सभेत भाऊसाहेब उभे राहिले होते. वहीचं पान फाटतं, मशीनचं फाटत नाही, असं म्हणाले. गावच्याच ओंकारनं प्रोग्राम लिहून दिला, शाळेनं काढून टाकलेला, लिनक्स नावाच्या फुकट प्रणालीवर चालणारा कॉम्प्युटर मिळाला, दोन्ही पातींना समोर बसवून वहीतली एकेक नोंद मशीनमध्ये गेली. मग उरली वही. देवाची वही, ती काय रद्दीत घालायची? हलगी लावून, हळदकुंकू वाहून, गावानं ती बारवेत विसर्जन केली. आणि त्या भरात भाऊसाहेबांनी देवापुढचा बेल उचलून शपथेवर सांगितलं, "आजपासून पाळी मशीन सांगेल. चुकलं तर मी जबाबदार. काठी माझ्या पाठीत घाला!" टाळ्या पडल्या. टाळ्या विरून गेल्या, वाक्य मात्र गावानं जपून ठेवलं.

तर असं ते मशीन. दर पाडव्याला संध्याकाळी देवळात पंचांग वाचून झालं की भाऊसाहेब त्यातून कागद काढून पाळी वाचत. सहा वर्षं सुरळीत चाललं होतं. सगळा घोळ केला तो शेजाऱ्यानं.

शेजारी छगन, एसटीत कंडक्टर होता. जगातल्या कुठल्याही यंत्राबद्दल तो सल्ला देऊ शकतो, कारण सव्वीस वर्षं तो एका यंत्राच्या आत उभा होता.

"भाऊसाहेब," तो म्हणाला, "मशीन रोज वराडतंय, नवी आवृत्ती आली, नवी आवृत्ती आली. आन तुमी रोज 'नंतर' दाबताय. आसं कुटं आस्तंय का? गाडीचं विंजन बदलायचं, बॉडी तीच. लई सुसाट पळंल."

भाऊसाहेबांनी बटण दाबलं. मशीन मध्येमध्ये प्रश्न विचारू लागलं, इंग्रजीत. भाऊसाहेब एंटर दाबत गेले. यात त्यांचा दोष नाही, संस्कार आहे. एकतीस वर्षांत त्यांच्या टेबलावर हजारो कागद आले आणि भाऊसाहेबांनी वाचून सही केली असं एकदाही घडलं नाही. वाचत बसलं तर शाळा चालायची कशी? शेवटी तर एक मोठी चौकट आली, आत परिच्छेदच्या परिच्छेद. एवढं लांबलचक आहे म्हणजे आभार मानत असेल, असं समजून त्यांनी त्यावरही एंटर दाबला.

मग पाळीचा प्रोग्राम उघडला. तिथं लिहिलं होतं, एकूण नोंदी: शून्य.

मुक्ताबाई चहा घेऊन आल्या आणि नवऱ्याचा चेहरा बघून दारातच थबकल्या. "अहो, कुणी गेलं का?"

"अजून नाही," भाऊसाहेब म्हणाले.

छगनला सांगावंच लागलं. त्यानं मशीन बंद करून चालू करायला लावलं, सात वेळा. मग मागून थाप मारून बघितली. मग पंख्याखाली ठेवून अर्धा तास गार होऊ दिलं. नोंदी शून्यच. "ओंकारला फोन लावा की," तो म्हणाला. ओंकार तीन वर्षांपूर्वी परदेशी गेला आणि त्याचा नंबरही त्याच्याबरोबर गेला. "मरंस्तवर कुनाला सांगायचो न्हाई," छगननं गळ्याची शपथ घेतली. छगन तोंडाचा पक्का आहे, म्हणजे एका वेळी एकालाच सांगतो.

पण भाऊसाहेब काही अगदीच गाफील नव्हते. सगळ्या नोंदींची एक प्रत त्यांनी पहिल्याच वर्षी पेनड्राइव्हमध्ये घेतली होती आणि सगळ्यात सुरक्षित जागी, देवळाच्या गाभाऱ्यात ठेवली होती. धावतपळत गेले. देवळाचं सगळं रतनबाई गुरवीण बघतात. त्यांनी गाभाऱ्यातनं तांब्याची डबी आणून दिली. आत एक लालभडक, चकचकीत, चिकट वस्तू होती.

"हे काय रतनबाई?"

"तुमीच ठिवलेलं की. देवापाशी ठिवलं म्हंजी देवच न्हाई का? दर आवसंला तेल-शेंदूर. सा वर्सांत येकदाबी चुकवलं न्हाई बगा." रतनबाईंनी मोठ्या अभिमानानं सांगितलं आणि वर हात जोडले. भाऊसाहेबांनीही जोडले. दुसरं काय करणार होते?

घरी आले तर फोन. बंदोबस्तासाठी हवालदार बोलत होते. यात्रेचा अर्ज दोन प्रतींत, पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पोचला पाहिजे.

"साहेब, पहिल्या काठीचं नाव तेवढं नंतर कळवलं तर?"

"भाऊसाहेब, तुम्ही स्वतः क्लार्क होता. रकाना रिकामा ठेवून अर्ज चालतो का?"

नाही चालत. रकाना रिकामा म्हणून भाऊसाहेबांनी आयुष्यात किती पालकांना खिडकीवरून परत पाठवलं असेल याची गणती नाही. त्या सगळ्यांचे तळतळाट त्यांना त्या दुपारी एकदम ऐकू आले. जेवण गेलं नाही. मुक्ताबाईंनी अंगणात गादी झोडपायला घेतली, तर पहिल्याच फटक्याला हे न्हाणीघरात जाऊन कडी लावून बसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक युक्ती केली. गावालाच विचारायचं, पण सहज, बोलता बोलता. एवढी वर्षं ज्यावरून डोकी फुटली ते कुणाला तरी तोंडपाठ असेलच की! आधी भिमाजी अण्णांकडे गेले. अण्णांचं वय शहात्तर. ओट्यावर बसून गुडघ्यांना तेल चोळत होते.

"अण्णा, यंदा पहिली काठी कुणाची असेल हो?"

अण्णांचा हात गुडघ्यावर थांबला. "आमाला काय ठावं? मशीनला ठावं. तुमीच तर आमची वही बुडवली."

"तसं नाही, तुमच्या अंदाजानं..."

"भाऊसाहेब, तुमी आजवर कदी इचारलं न्हाई. आज का इचारताय?" अण्णांचे डोळे बारीक झाले. "आली तर उचलीन. न्हाई आली आन त्यात काय खोट निगाली, तर ह्या गुडघ्यावर भांडीन."

अंगद त्याच्या वाड्यामागं जोर काढत होता. पस्तिशीचा गडी, मान अशी की शर्टाचं वरचं बटण कधी लागलेलं नाही. "मशीन सांगंल तसं," तोही म्हणाला. "मशीनवर इस्वास हाय आपला. का वो, मशीनला काय झालं का?"

"छे छे छे," भाऊसाहेब म्हणाले. एक छे पुरला असता.

आणि घरी परतताना त्यांच्या लक्षात आलं की खरी भीती ही आहे. पूर्वी गावात दोन उत्तरं होती, त्यावर भांडण व्हायचं. आता एकही उत्तर नव्हतं. गेल्या वर्षी काठी कुणी उचलली ते आठवत होतं, पण सुतकानं पुढं गेलेल्या पाळ्यांचा हिशेब कुणाकडंच नव्हता. मशीन लक्षात ठेवतंय म्हटल्यावर सगळं गाव निवांतपणे विसरून गेलं होतं, आणि मशीनही विसरलं होतं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, भाऊसाहेब पाळीची चौकशी करत फिरतायत, म्हणजे काहीतरी शिजतंय. थोरल्या पातीला वाटलं आपली पाळी खाल्ली, धाकट्या पातीला वाटलं आपली. दोन्ही आळ्यांत माणसं घोळक्यानं बसू लागली.

पाडव्याच्या आदल्या दिवशी सकाळी भाऊसाहेबांनी मशीन चादरीत गुंडाळलं, स्कूटरवर मागं छगनच्या मांडीवर दिलं आणि जामखेडचा रस्ता धरला. नेमका फाट्यावर अंगद उभा.

"भाऊसाहेब, कुनाला न्येताय?"

"दवाखान्यात," छगन म्हणाला. अंगदनं चादरीकडं बघून पायताण काढलं आणि नमस्कार केला.

जामखेडला मेहविश मॅडमचा कॉम्प्युटर क्लास आहे. भाऊसाहेबांच्या शाळेतून दहावी झालेली मुलगी, आता तालुकाभराची बंद पडलेली मशीनं तिच्याकडं येतात. तिनं चादर सोडली, वायरी लावल्या आणि काळ्या पडद्यावर काहीबाही टाइप करू लागली. भाऊसाहेब तिच्या चेहऱ्याकडं बघत उभे राहिले. डॉक्टर काय बोलतो यापेक्षा त्याच्या भुवया काय बोलतात ते महत्त्वाचं असतं.

"काका, काही गेलेलं नाही," ती म्हणाली.

"काय?"

"सगळं आहे. शेजारच्या खोलीत आहे. बसा आधी."

मग तिनं जे सांगितलं ते असं. नोंदी ज्यात साठवतात ते मायएसक्यूएल एका परदेशी गृहस्थानं बनवलं आणि त्याला आपल्या थोरल्या लेकीचं नाव दिलं. पुढं ते विकलं गेलं, आणि हातोहात फिरत एका बलाढ्य कंपनीच्या घरात गेलं. तिथं त्याचं काय होईल या काळजीनं त्याच गृहस्थानं त्यातूनच वेगळं बिऱ्हाड मांडलं आणि त्याला धाकट्या लेकीचं नाव दिलं, मारियाडीबी.

"म्हंजी भाऊवाटनी," छगन म्हणाला.

"तसंच. मग लिनक्सचे जे वेगवेगळे संच बनवणारे असतात, त्यांच्यापुढं प्रश्न आला, आपण कुणाला घरात ठेवायचं? काहींनी दोघींना ठेवलं. बऱ्याच जणांनी थोरलीच्या जागी धाकटी बसवली. तुमचा संच त्यातला. तुम्ही नवी आवृत्ती घेतली तेव्हा थोरली उठली आणि धाकटी आली. पण काका, या दोघी आता इतक्या वेगळ्या झाल्यात की थोरलीनं अलीकडं लावलेला संसार धाकटीला सरळ वापरता येत नाही. म्हणून धाकटीनं काय केलं, थोरलीच्या सामानाला हात लावला नाही. अख्खं उचलून शेजारच्या खोलीत ठेवलं, दारावर नाव लिहिलं आणि स्वतः रिकाम्या घरात बसली. हे सगळं तिनं तुम्हाला सांगितलं होतं. मोठी चौकट आली असेल बघा."

"आली होती," भाऊसाहेब म्हणाले. "मला वाटलं, आभार मानतेय."

आणि त्यांना रडू आलं. क्लासातली आठ-दहा पोरं बघत असताना हेडक्लार्क भाऊसाहेब ढसाढसा रडले. मेहविशनं पाण्याचा ग्लास दिला आणि पोरांना टायपिंग चालू ठेवायला सांगितलं.

सामान हलवायला चार तास लागले. थोरलीला तात्पुरतं दुसऱ्या मशीनवर बोलवायचं, तिच्याकडून तिचं सामान उलगडून घ्यायचं आणि एकेक नोंद धाकटीच्या हवाली करायची. "आणि गंमत बघा काका," मेहविश म्हणाली, "तुमचा प्रोग्राम अजून थोरलीचंच नाव घेऊन हाक मारतो. ओ मात्र धाकटी देते. काही बिघडत नाही."

"मला दोन्हींचा कागद दे," भाऊसाहेब म्हणाले. "थोरलीचा एक, धाकटीचा एक." यामागं काही दूरदृष्टी नव्हती. सगळं दोन प्रतींत मागायची सवय, एवढंच. कागद आले, यंदाच्या ओळीवर त्यांनी नजर टाकली, नीट घडी घालून आतल्या खिशात ठेवले आणि परतीच्या वाटेवर अगदी शांत झाले. कुणाचंही नाव असलं तरी दुसरी पाती असतेच, हे त्यांना आठवलं होतं.

पाडव्याला संध्याकाळी देऊळ गच्च भरलं. एवढी माणसं पंचांग ऐकायला आजवर कधी आलेली नाहीत. थोरली पाती डावीकडं, धाकटी उजवीकडं, आणि मागं भिंतीला टेकून ठेवलेल्या वस्तू भाऊसाहेबांनी एकदाच बघितल्या, पुन्हा बघितल्या नाहीत. कागद काढायला खिशात हात घातला आणि भिमाजी अण्णा उभे राहिले.

"थांबा. मशीन बदललं म्हनं."

भाऊसाहेबांनी छगनकडं बघितलं. छगन शिखराकडं बघत होता, आतून शिखर दिसत नसूनही.

"थोरलीला हाकलली आन धाकटीला बसवली, आसं कळलंय आमाला," अण्णा म्हणाले. "मंग आता धाकटी कुनाचं नाव घेनार? धाकट्याचंच! आमाला मान्य न्हाई. धाकटी पुरी खोटी!"

डावी बाजू उठली. उजवीकडून अंगद ताडकन पुढं आला. "खोटी? तिनं थोरलीच्या सामानाला हात लावला न्हाई, जसंच्या तसं ठिवलं! आमी फाट्यावर पाया पडलोय तिच्या! धाकटी जे सांगंल ते आपल्याला मान्य, बेल उचलून सांगतो!" आणि त्यानं खरोखर बेल उचलला.

आता उजवी बाजूही उठली. भाऊसाहेबांना पाठीत, बरोबर दोन खांद्यांच्या मध्ये, काठी बसायच्या आधीच दुखू लागलं. पळायला जागा नव्हती. डोळे मिटले, पुन्हा उघडले, आणि वाचायचं ते वाचलं.

"धाकटीचा कागद. यंदाची पहिली काठी, थोरली पाती, भिमाजी."

अण्णांचं तोंड उघडं होतं ते तसंच राहिलं. धाकटी खोटी म्हणावं तर काठी जाते. अंगदच्या हातात बेल होता. नाही म्हणावं तर देव जातो.

"थोरलीचा कागद," भाऊसाहेबांनी दुसरा उलगडला. "तेच नाव."

पहिल्यांदा हसल्या त्या रतनबाई. मग मागं कुणीतरी, मग बायकांची सगळी बाजू. अण्णा खाली बसता बसता म्हणाले, "आता... पोरगी सरळ हाय म्हनायची." अंगदनं बेल देवाला वाहिला आणि काही न बोलता निघून गेला. मारामारी झाली नाही, पण भाऊसाहेबांची भीती काही गेली नाही. न बोलणारा अंगद त्यांना बोलणाऱ्यापेक्षा जास्त भयंकर वाटला. अर्जाचा रकाना भरून पाठवला आणि यात्रेच्या पौर्णिमेपर्यंतचे दिवस त्यांनी मोजून काढले.

यात्रेच्या दिवशी हलगी वाजली, भिमाजी अण्णांच्या दारात काठी सजून उभी राहिली. अण्णांनी नवा फेटा बांधला होता. वाकले, काठीला हात घातला, उचलली. गुडघ्यापर्यंत आली. पुन्हा उचलली. तीस फुटी कळक, शहात्तर वर्षांचे गुडघे. अण्णांचा मुलगा पुण्याला, पाठीला पट्टा बांधून. गर्दी बघत राहिली, आणि धाकट्या पातीची माणसंही बघत होती. काठी भुईवर आडवी पडली तर मान गेला, हे शेंबड्या पोरालाही माहीत. भाऊसाहेबांनी डोळे मिटून घेतले.

"अंगद्या!" अण्णांची हाक आली. "बगत काय उभा राह्यलास? मान माझा, खांदा तुझा. ये!"

भाऊसाहेबांनी एक डोळा उघडला. अंगद गर्दीतून आला, अण्णांच्या पायाला हात लावला आणि काठीखाली खांदा दिला. काठी सरळ वर गेली, मोरपिसं हलली. पुढं पुकारणारा ओरडत होता, "पहिली काठी, भिमाजी!" आणि त्या नावाला ओ म्हणत अंगद चालत होता. अण्णा एका हातानं नुसते काठीला शिवून होते, आणि रडत होते. शिखराला काठी भेटली तेव्हा भाऊसाहेबांनाही कळलं नाही आपण कुणाच्या गळ्यात पडलोय. छगनच्या पडले होते.

यात्रा पार पडली, आणि कमिटीनं ठरवलं की मशीनबरोबर एक वहीही ठेवायची. भाऊसाहेबांनी नवी वही आणली, तारीख घातली, मान या रकान्यात भिमाजी लिहिलं आणि पेन थांबलं. पुढच्या वर्षी कुणीतरी उठणार, काठी उचलली अंगदनं, मग पाळी कुणाची झाली? बराच वेळ विचार करून त्यांनी पट्टी घेतली, एक नवा रकाना आखला, वर लिहिलं खांदा आणि खाली लिहिलं अंगद. मग दोघांना घरी बोलावून पान त्यांच्या पुढं ठेवलं.

"आमी कशाला वाचू? तुमी लिवलंय म्हंजी बराबरच आसंल," अण्णा म्हणाले आणि पेन मागितलं.

"वाचा," भाऊसाहेब म्हणाले. एवढ्या मोठ्यानं ते आयुष्यात कुणावर ओरडले नव्हते. दोघं दचकले आणि बोट ठेवून वाचू लागले. त्यांनी वाचलं, सह्या केल्या. मग भाऊसाहेबांनी चष्मा पुसला, वही स्वतःकडं ओढली आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, ओठ हलवत, दोनदा वाचली. आणि मग सही केली.